बर्लिनहून: कलम ६७, काचेच्या शेगडीवरची भाकरी आणि आटपाडीचा सिनेमा

बर्लिन, २ मार्च २०२५

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुमचा प्रश्न, "तिकडं नक्की चाललंय काय?" आणि आईचा नेहमीचा, "जेवतेस काय?" दोन्हींची उत्तरं एकाच पाकिटात धाडते आहे.

इथलं, जर्मनीचं सरकार गेल्या ६ नोव्हेंबरलाच फुटलं होतं. त्यात २९ जानेवारीला स्थलांतरितांबद्दलचा एक ठराव संसदेत ३४८ विरुद्ध ३४४ मतांनी मंजूर झाला, तोही एएफडी या कडव्या उजव्या पक्षाच्या मतांच्या जोरावर. त्यांच्याशी हातमिळवणी करायची नाही, असं बाकीच्या पक्षांचं आजवर ठरलेलं. म्हणून लोक रस्त्यावर उतरले. २३ फेब्रुवारीच्या मतदानात हा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला. परक्या माणसाच्या पोटात गोळा यावा असाच महिना.

दिवसभर बातम्या लावून ठेवल्या की तीच चार वाक्यं वीसदा ऐकू येतात, कळत काहीच नाही. रात्री आठचं पंधरा मिनिटांचं बातमीपत्र पुरतं. उरलेल्या वेळात जर्मनीची राज्यघटना वाचावी. पुस्तिका संसदेकडून फुकट मिळते. १९४९ची घटना, भाषा बरीच सोपी. पहिल्यापासून वाचायला बसू नये, मधेच कंटाळा येतो. बातमीत जे कलम येईल ते उघडायचं.

बाबा, तुम्हाला आवडेल ते कलम ६७, अविश्वास ठरावाचं. आपल्याकडं १९९९च्या एप्रिलमध्ये एका मतानं सरकार पडलं आणि पर्यायी सरकार काही जमेना, आठवतंय ना? इथं विरोधकांनी "तुम्ही नको" एवढं म्हणून भागत नाही. "मग कोण?" याचं नाव त्याच मतदानात बहुमतानं निवडावं लागतं. हिटलरच्या आधीच्या काळात संसद नुसतीच पाडापाडी करायची, त्यातून घेतलेला हा धडा. हे हत्यार आजवर एकदाच लागू पडलं, १९८२मध्ये. या वेळी चाललं ते कलम ६८: चान्सेलरनं, म्हणजे इथल्या पंतप्रधानानं, स्वतःच विश्वासमत मागायचं, ते हरलं तर त्याच्या विनंतीवरून राष्ट्राध्यक्ष २१ दिवसांत संसद विसर्जित करू शकतात आणि कलम ३९प्रमाणे पुढच्या ६० दिवसांत निवडणूक. बोटांवर मोजा: १६ डिसेंबरला ठराव हरला, २७ला विसर्जन, २३ फेब्रुवारी हा अठ्ठावन्नावा दिवस. गदारोळ कितीही होवो, तारखा कलमाबाहेर गेल्या नाहीत.

नव्या संसदेत जागा ६३०, बहुमताला ३१६. पहिला आणि तिसरा पक्ष मिळून २०८ अधिक १२० म्हणजे ३२८. पाच टक्क्यांच्या खालच्या पक्षाला सहसा जागा मिळत नाहीत. एक नवा पक्ष त्या रेषेला अगदी केसभरानं चुकला. तो आत आला असता तर या दोघांचंही बहुमत गेलं असतं.

आता आई, तुझं उत्तर. इथं मिळणारं ज्वारीचं पीठ बहुधा जुनं, विरी गेलेलं असतं. थंड पाण्यात मळलं तर थापतानाच कडेला चिरा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पिठाची उकड काढायची. एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून उकळलं की विस्तव बंद. त्यात एक वाटी पीठ, उलथन्याच्या दांड्यानं ढवळून दहा मिनिटं झाकण. मग गरम असतानाच हात ओला करत पाच मिनिटं चांगलं रगडायचं. मळायचा आळस केला की भाकरी फुगत नाही. पाणी जास्त झालं तर उचलताना फाटते. तेव्हा वरून कोरडं पीठ लावत बसू नये, उकडीतच चमचाभर पीठ मिसळावं.

खरी गोम शेगडीत आहे. काचेच्या शेगडीचा विस्तव आपोआप चालू-बंद होत राहतो, म्हणून पातळ तवा मधेच निवतो. लोखंडी जाड तवा नऊपैकी सातवर सहा मिनिटं तापवायचा आणि आकडा हलवायचा नाही. भाकरी टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं आणि ते जेमतेम सुकत आलं की उलटायची. ओली उलटली तर तव्याला चिकटते, फार सुकली तर तडकते. जाळ नाही, त्यामुळं शेवटी परत उलटून फडक्याच्या बोळ्यानं कडा दाबत भाकरी गोल फिरवायची. टम्म फुगते, पण जाळावरचे काळे ठिपके येत नाहीत. ते विसरायचं.

सोबत भरीत. इथली वांगी म्हणजे नुसतं पाणी. कृष्णाकाठच्या वांग्याची चव शोधू नये. काट्यानं टोचून (नाहीतर भट्टीत फुटतं) २२० अंशांवर ४५ मिनिटं, मग चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवायचं.

पाहण्यासारखं एकच सांगते. इथला चित्रपट महोत्सव यंदा मतदानाच्याच दिवशी संपला. याच महोत्सवात १९५८ साली व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला होता. कथा ग. दि. माडगूळकरांची, मूळ आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कारागृहात. तेव्हा तो मुलूख औंध संस्थानाचा. राजानं १९३९मध्ये आपणहून घटना देऊन कारभार गावांच्या हाती सोपवला आणि ती घडवायला गांधीजींबरोबर मॉरिस फ्रिडमन हा पोलिश इंजिनिअर होता. बाबा, सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा बैलाच्या झुंजीची वाट बघू नका, बाजाराचा प्रसंग नीट बघा. कैदी रास्त भावात भाजी विकतात, व्यापाऱ्यांचा धंदा बसतो आणि तिथून मारामारी पेटते. माणसं भुकेपायी नाही, भावापायी चिडलेली दिसतात. या महिन्यात तो प्रसंग दोनदा लावला.

पार्सलचं: तूप, खवा, पेढे अजिबात घालू नका, दुधाचे पदार्थ कस्टमवाले काढून टाकतात. हळद अर्धा किलो पुरे. भेट म्हणून पाठवताना ४५ युरोपर्यंत कर नाही, तेव्हा खरी किंमत लिहा आणि आत यादी ठेवा. नवी संसद २५ मार्चच्या आत बसायलाच हवी, पाडवा ३०ला. गाठीची माळ मात्र पाठवू नका, वाटेत भुगा होतो.

तुमची,
धाकटी