वरच्या मजल्यावरच्या सूनबाईस उघडं पत्र

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तोंडावर आभार मानले असते तर "काय हो काका!" म्हणून उडवून लावलं असतंस. म्हणून लिहितोय, आणि उघडं लिहितोय, कारण रामबागेत घरोघरी रांगणाऱ्या नेटचं हेच दुखणं आहे.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि वाचनालयातले जुने संगणक विंडोज ११ घेईनात. त्यांवर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली घालायचं ठरलं. फाइल साधारण सहा जीबीची, घरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं, तरी डाउनलोड रांगत होतं. नेटवाला राउटर बंद-चालू करून गेला. बाकी ज्याला विचारावं तो म्हणे, प्लॅन वाढवा. तू पुण्याहून सुट्टीवर आलेली. तू आधी कागद-पेन्सिल मागितलीस.

१०० ला ८ ने भागायला लावलंस. प्लॅन मेगाबिटचा, ब्राउझरमधला आकडा मेगाबाइटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर जाणार नाही. आमच्याकडे एकसुद्धा धड पडत नव्हता. मग लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडलास. थोडा फरक पडला, थोडाच. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्या गल्लीचे राउटर दाटीवाटीने बसलेत, ते आपलं वायफाय ५ च्या पट्ट्यात नेऊन निस्तरलंस. पण खरा चोर वेगळाच निघाला.

चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केलंस आणि सगळ्यात वर आला फोटोंचा बॅकअप! नातवाच्या मुंजीचे व्हिडिओ सकाळपासून क्लाउडवर चढत होते. "पण हे तर वर जातंय, खाली येणाऱ्याला त्याचा काय त्रास?" असं मी विचारलं. तू सांगितलंस की उतरलेल्या डेटाची पोच आपला संगणक सर्व्हरला पाठवत असतो, आणि ती मिळते तसतसा सर्व्हर पुढचा डेटा सोडतो. वर जाणारी वाट व्हिडिओंनी तुंबली की पोच रांगेत अडकते आणि सर्व्हर हात आखडतो. बॅकअप थांबवला, आकडा अकराच्या आसपास गेला.

चार जीबीला गाडं पुन्हा अडलं. "नेट गेलं," एकमुखाने सगळे. फाइल ज्यावर उतरत होती त्या पेन ड्राइव्हचे प्रॉपर्टीज तू उघडलेस: फाइल साठवायची जुनी पद्धत, फॅट३२. त्यात चार जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. मग लॅपटॉपच्याच डिस्कवर, उबुंटूच्या अधिकृत टोरंटने, म्हणजे अनेक संगणकांकडून तुकड्यातुकड्यांनी, उतरवली; त्यात तुकडा न् तुकडा तपासला जातो आणि मध्येच वीज गेली तरी उरलेलं तिथून पुढे उतरतं. शेवटी फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडणाऱ्या शा-२५६ या खुणेची ६४ अक्षरं तुझ्या काकूने मोठ्याने वाचली, तू पडद्यावर बोट ठेवून जुळवलीस. हे एका कमांडने होतं, ते नंतर सांगितलंस; बहुधा काकूची हौस बघून.

एवढ्या वेळात "सोडा काका, मी करते" असं एकदाही म्हणाली नाहीस, माउस माझ्याच हातात ठेवलास. सगळ्यात मोठे आभार त्याचे.

वाचनालयातले दोन संगणक आता उबुंटूवर चालतात. तिसऱ्याचं वायफाय कार्ड ते ओळखत नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला येणार आहेस म्हणे, तेव्हा जरा बघ. पोहे आणि जिरावण काकूकडे.

कळावे,
खालच्या मजल्यावरचे काका
इंदूर