काकू, तुमची दोन अंडी बाकी आहेत

काकू, समोर येऊन बोलले तर तुम्ही "अगं काय त्यात एवढं" म्हणून उडवून लावाल हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहूनच टाकते.

त्या संध्याकाळी तुम्ही फक्त सहा अंडी न्यायला आला होतात आणि माझ्याकडे होती चार. सकाळपासून मला त्याचीच लाज वाटत होती. थंडीत हे दरवर्षीचंच, दिवस लहान झाला की कोंबड्या हात आखडता घेतात, नीट अंडी द्यायला त्यांना साधारण १४ तास तरी उजेड लागतो, त्यात अर्ध्या जणींची पिसं झडलेली, उघड्या माना घेऊन फिरतायत बिचाऱ्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला हे समजावून थकले मी. आदल्याच दिवशी एकाने ऐकवलं, "दुकानात बरी थंडीतही मिळतात!" मिळतात ना, मोठ्या शेडमध्ये बल्ब लावून दिवस लांबवतात. माझ्या बारा कोंबड्यांचा दिवस सूर्य मावळला की संपतो. असो.

तर तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी गोठ्यात रडत बसले होते. शेळीचे १५० दिवस मोजून कॅलेंडरवर लाल गोल केला होता, बाईसाहेब १४६ व्या दिवशीच व्याल्या. पहिलं करडू मस्त, उठून उभंसुद्धा राहिलं. दुसरं इवलंसं, ओलंचिंब, मान टाकलेली. ज्यांच्याकडून शेळी घेतली त्यांना सात फोन केले. विकताना म्हणाले होते, "रात्री बारालाही फोन करा ताई, आपण आहोत." आठव्यांदा मेसेज आला, "उद्या बघू". उद्या! ओळखीतल्या एका जाणकारांना विचारलं तर त्यांनी आधी हौसेची शेती आणि खरी शेती यातला फरक सांगायला घेतला, करडू तिकडे थरथरायचंही थांबलं होतं आणि यांचं चालूच.

मी चीक काढून बाटलीत भरलेला, त्याचा जबडा उघडून ओतायच्याच बेतात होते. तुम्ही आलात, माझं मनगट धरलंत. ओरडला नाहीत. "थांब. बोट घाल त्याच्या तोंडात."

काकू, बोट तुम्हीही घालू शकला असतात. तुम्ही अशी कितीतरी करडं हाताळली असणार, एका सेकंदात कळलं असतं तुम्हाला. पण तुम्ही माझं बोट घालायला लावलंत. आत सगळं गार, जीभसुद्धा गार, ओला दगड असावा तशी. मग तोच माझा हात धरून पहिल्या करडाच्या तोंडात. तिथे गरम, आणि ते लगेच चोखायलाच लागलं खुळं. "कळला फरक? गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ठसकाही लागतो. आधी ऊब, मग चीक." हे मी कुठेतरी वाचलेलं होतं हो. वाचलेलं त्या वेळी एक अक्षर आठवलं नाही, पण त्या बोटाला कळलं ते आता मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढचं काय सांगू, टॉवेल, गरम पाण्याच्या पिशव्या, खोक्यात पेंढा, तुमचा स्वेटर. थर्मामीटर ३९ च्या जवळ सरकला तेव्हा कुठे तुम्ही बाटली माझ्या हातात दिलीत, ती पण माझ्याच, आणि त्याने पहिला घोट ओढला.

मला राहून राहून हेच वाटतं की माहिती असणारी माणसं खूप भेटतात, पण बहुतेकांना समोरच्याला त्याचं अडाणीपण आधी दाखवायचं असतं. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की झेपत नाही तर शेळ्या कशाला पाळल्यास. जाताना चार अंडी पिशवीत घातलीत, पैसे सहाचेच टेकवलेत, आणि "दोन राहिली हं" म्हणून निघालात, जशा काही खरंच अंड्यांसाठीच आला होतात.

परवा दुसरी शेळी व्याली. दोन्ही करडांच्या तोंडात आधी बोट घातलं. दोन्ही गरम.

छोटं आता सगळ्यांच्या आधी धावत येतं आणि माझ्या ओढणीचं टोक चघळतं. कोंबड्यांनी कालपासून जरा मनावर घेतलंय, तुमची दोन बाजूला काढून ठेवलीत. स्वेटर तीनदा धुतला पण शेळीचा वास काही जात नाहीये, तसाच आणून देऊ का?