गार्डरूममधला एक राउंड

महोदय,

सातारा जिल्ह्यात छत्तीस वर्षं पोलीस खात्यात नोकरी करून मी २०२२ साली सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. निमित्त घडलं ते पुतण्यामुळे. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे सोळाशे मीटर धावतो, गोळा फेकतो. परवा त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बाहेरच्या देशातले दोन पोलीस. एक गस्तीच्या गाडीत डुलकी घेतोय, दुसरा दबकत येतो आणि काचेवर थाप मारून ओरडतो. आतला दचकून उठतो, बाकीचे खो खो हसतात. पुतण्याही हसला. मी त्याला व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि एका ठिकाणी थांबवायला लावला. आतल्या माणसाचे डोळे अजून उघडले नव्हते, पण उजवा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला होता.

"काका, मग ड्युटीवर मजा करायचीच नाही का?" असं त्याने विचारलं. त्याला तोंडी जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

मजा करायची. ती केल्याशिवाय ही नोकरी निभत नाही. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात सकाळी उभा राहिलेला शिपाई दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बूट काढतो, तेव्हा मोजे पायाला चिकटलेले असतात. विहिरीतून चार दिवसांचं प्रेत काढून पंचनामा उरकल्यावर घास गिळत नाही. अशा वेळी कुणीतरी साहेबांच्या आवाजाची नक्कल करतं, कुणी दुसऱ्याच्या डब्यात गुपचूप ठेचा सारून ठेवतं, आणि माणसं पुन्हा माणसांत येतात. आमचे एक हवालदार बंदोबस्ताच्या गाडीत अशा काही गवळणी म्हणायचे की पोरं झोप विसरायची. त्यांच्या आठवणीने आजही बरं वाटतं. या हसण्यावर कुणी बंदी घालावी असं मी कधीच म्हणणार नाही.

पण सोबत्याला फसवून, घाबरवून केलेली चेष्टा वेगळी. ती मी स्वतः केली आहे, म्हणून सांगतो.

साल १९९१. तालुक्याच्या उपकोषागारावर आमचा गार्ड होता. एक हवालदार, चार शिपाई. तालुक्याचं नाव लिहीत नाही. हाती थ्री-नॉट-थ्री रायफली, आणि माझ्याकडे तसेच माझ्या बॅचच्या सोबत्याकडे पोचमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पाकिटात, पाच-पाचच्या चार क्लिपा, एकूण वीस राउंड, म्हणजे वीस काडतुसं. आमच्यात त्याला आप्पा म्हणायचे. दर दोन तासांनी पहारा बदलायचा आणि बदलताना राउंड मोजायचे. रात्री दोन ते चार माझा पहारा. आप्पा पोच उशाला घेऊन गाढ झोपला होता. मी एका क्लिपमधला एक राउंड हळूच काढला आणि चहापत्तीच्या डब्यात टाकला. का टाकला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. वय सत्तावीस, रात्र लांब, एवढंच.

चार वाजता आप्पा उठला, राउंड मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले, एकोणीस. मग त्याने जमिनीवर घोंगडी पसरली, बॅटरी लावली आणि एकेक राउंड ओळीने मांडला. प्रत्येकाला बोट लावून तो मोजत होता, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखे त्याचे ओठ हलत होते. थंडीचे दिवस, तरी कानशिलावरून घाम ओघळत होता. मी दाराशी उभा राहून बघत होतो. आणखी पाच मिनिटं थांबू, मग सांगू, असं मनात म्हणत होतो. तो माझ्याकडे येईल, "तू पाहिलास का रे?" असं विचारेल, मग मी डबा पुढे करीन, असा माझा बेत. तो माझ्याकडे आलाच नाही. नियमाप्रमाणे सरळ हवालदारांकडे गेला.

हवालदार उठले, चष्मा लावला, गार्ड बुक उघडलं आणि वेळ टाकून लिहिलं: राउंड एक कमी. मी डबा घेऊन धावलो तेव्हा शाई ओली होती. ते ओरडले नाहीत. राउंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता हे खोडता येत नाही रे."

तेच खरं होतं. पानांवर क्रमांक असतात, खाडाखोड चालत नाही. अहवाल वर गेला. माझी वर्षाची वेतनवाढ रोखली, ती रास्तच होती. पण राउंडांची नीट काळजी घेतली नाही म्हणून आप्पालाही सक्त ताकीद मिळाली आणि ती त्याच्या सर्व्हिस शीटवर, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रकावर, चढली. हवालदार दोन वर्षांत निवृत्त होणार होते. उभ्या नोकरीत त्यांना पहिल्यांदाच लेखी खुलासा द्यावा लागला. आपण झोपलो नसतो तर हे टळलं असतं, असं ते स्वतःलाच म्हणत राहिले. वास्तविक त्यांची ती झोपायचीच वेळ होती.

त्या पंचवीस मिनिटांत डोक्यात काय चाललं होतं, हे आप्पाने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सस्पेंड झालो तर अर्ध्या पगारात बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता कसा भागवायचा, याचा तो हिशेब करत होता. एकीकडे राउंड मोजत होता आणि दुसरीकडे रुपये.

दुकानात किंवा कचेरीत सोबत्याची चेष्टा केली तर फार तर रुसवा येतो. आमच्याकडे तसं नाही. शिपायाच्या हातात हत्यार असतं, वही असते आणि वायरलेस असतो. या तिन्हींपैकी कशालाही थट्टा कळत नाही. हत्यार सुटतं, वहीत नोंद होते, निरोप मिळाला की गाडी निघते.

निरोपाबद्दल थोडं जास्त लिहितो. "तुला साहेबांनी बोलावलंय" ही ठाण्यातली सर्वांत जुनी चेष्टा. नवा पोरगा टोपी सावरत धावतो, साहेब म्हणतात "मी कुठे बोलावलं?", आणि बाहेर हशा पिकतो. वरवर यात काही बिघडत नाही. पण दोनदा फसलेला पोरगा तिसऱ्या निरोपाला आधी सांगणाऱ्याचं तोंड निरखतो. हा खरं बोलतोय की फिरकी घेतोय? तेवढा वेळ गेला. पोलिसाच्या कामात तेवढ्याच वेळाला किंमत असते.

आमच्या जिल्ह्यात, जावळी तालुक्यात केडंबे नावाचं गाव आहे. तुकाराम ओंबळे तिथले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीला नाकाबंदी लागली होती. पळवलेली स्कोडा गाडी त्या दिशेला येतेय, असा निरोप वायरलेसवर आला आणि मध्यरात्र उलटल्यावर ती गाडी खरोखरच समोर येऊन उभी राहिली. ओंबळेसाहेब माझ्यासारखेच सहायक फौजदार, त्यांच्या हातात फक्त काठी. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, अंगावर गोळ्या घेतल्या, पण सोडली नाही. त्यामुळे तो जिवंत हाती लागला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला राहून राहून आठवतो तो त्या नाकाबंदीवरच्या लोकांनी निरोपावर ठेवलेला भरवसा. गोंधळाच्या त्या रात्री निरोप आला आणि माणसं बॅरिकेडला जाऊन उभी राहिली. हा भरवसा एका रात्रीत येत नाही. तो रोजच्या ठाण्यात, रोजच्या साध्या निरोपांतून तयार होतो, आणि तिथेच आपण तो चेष्टेपायी झिजवतो.

आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. चेष्टा नेहमी खालच्याचीच होते. हवालदार नव्या शिपायाची फिरकी घेतो, पण नवा शिपाई फौजदाराची घेऊ शकत नाही. एका महिला शिपायाच्या खणात कुणीतरी रबरी साप ठेवला होता. ती किंचाळली, सगळे हसले, तीही हसली, कारण न हसून सांगते कुणाला? दोन महिन्यांनी तिने बदली मागून घेतली. कारण लिहिलं, घरगुती अडचण.

"अशा चेष्टेने पोरं धीट होतात," असं म्हणणारे अधिकारी मला भेटले आहेत. मला ते मुळीच पटत नाही. माणूस धीट होतो तो कवायतीने, फायरिंगच्या सरावाने आणि बंदोबस्तात पाठीशी उभ्या असलेल्या सोबत्यामुळे. त्याच सोबत्याची धास्ती वाटायला लागली तर धीर आणायचा कुठून?

ड्युटी संपल्यावर काय, असंही कुणी विचारील. १९५१ च्या पोलीस अधिनियमाचं कलम २८ सांगतं की पोलीस सदैव कर्तव्यावरच समजला जातो. पण तो कीस इथे पाडत नाही. धुळवडीला पोलीस लाइनीत पोरांनी एकमेकांना चिखलात लोळवावं, माझी काही हरकत नाही. हत्यार कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा झालेलं असावं, अंगावर गणवेश नसावा, बस्स.

यासाठी नवं परिपत्रक निघावं अशी मागणी मी करत नाही. प्रभारी अधिकाऱ्यांनी हजेरीच्या वेळी, नवी पोरं रुजू होतील त्या दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगावं की हत्यार, नोंद आणि निरोप यांच्याशी खेळायचं नाही, आणि कुणी खेळलं तर ज्याच्याशी खेळलं त्याच्या शीटवर शाई पडणार नाही. आप्पाच्या वेळी ही दुसरी गोष्ट कुणीच केली नाही.

पत्र टपालात टाकण्याआधी आप्पाच्या घरी जाऊन त्याला वाचून दाखवलं. त्याची गोष्ट छापायची तर त्याची परवानगी हवी. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, छाप म्हणाला. एकच दुरुस्ती सांगितली. पंचवीस मिनिटं नव्हती ती, चाळीस होती.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, सातारा