विद्यापीठाच्या गावी जायचे तर गुरुवारी निघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा मोसम आला की पर्यटन पुरवण्यांत ऑक्सफर्ड, हायडेलबर्ग (जर्मनी), कोइंब्रा (पोर्तुगाल), अ‍ॅन आर्बर (अमेरिका) अशा विद्यापीठांच्या गावांवर लेख येतात. फोटो सुरेख असतात, ‘ही दहा ठिकाणे चुकवू नका’ अशी यादी असते आणि शेवटी हमखास एक वाक्य असते: ‘सलग सुट्ट्यांत जाण्यासाठी उत्तम’. वाचकाची फसगत होते ती या शेवटच्या वाक्यामुळे. हे पत्र त्यासाठीच.

या गावांची गंमत विद्यार्थ्यांमुळे असते. इमारती कुठे पळून जात नाहीत, पण सरकारी सुट्टी लागली की विद्यार्थी घरी पळतात. म्हणजे ज्या शनिवार-रविवार-सोमवारी सगळ्यांना सोय होते, नेमक्या त्याच दिवशी गावात एक तर शुकशुकाट असतो, नाही तर पदवीदान, परीक्षा किंवा सामना यांपैकी काहीतरी असल्याने पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्याआधी नकाशा नव्हे, विद्यापीठाचे शैक्षणिक कॅलेंडर उघडावे.

इंग्लंडचेच बघा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही ठिकाणी वर्षात तीन सत्रे आणि प्रत्येकाचे मुख्य आठवडे जेमतेम आठ. पहिले सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरे जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. या दोन्ही काळात तिथे सोमवारची एकही बँक हॉलिडे, म्हणजे सरकारी सुट्टी, येत नाही. ईस्टरची सुट्टी येते तेव्हा सत्र संपलेले असते. मे महिन्यातल्या दोन सोमवारी तिसरे सत्र चालू असते, पण तो परीक्षांचा हंगाम. केंब्रिजमधली कित्येक कॉलेजे त्या काळात पाहुण्यांना फाटकाच्या आत घेत नाहीत. राहिला ऑगस्टचा शेवटचा सोमवार. तेव्हा गावात फक्त पर्यटक असतात, एकमेकांचे फोटो काढत. शिवाय ब्रिटनमध्ये रेल्वेची मोठी दुरुस्तीकामे मुद्दाम बँक हॉलिडेला जोडून काढतात, त्यामुळे गाडीऐवजी मध्येच बसमध्ये बसावे लागण्याची शक्यताही याच दिवसांत जास्त. म्हणून ऑक्सफर्ड-केंब्रिजला ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, नोव्हेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत जावे, आणि सलग सुट्टी आपली आपण तयार करावी: गुरुवार, शुक्रवार रजा टाकून.

अमेरिकेत हाच घोळ वेगळ्या तऱ्हेने होतो. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. त्याच्या आगेमागे भाड्याची घरे बदलणाऱ्यांच्या गाद्या आणि सोफे रस्त्यावर आलेले असतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, तेव्हा वसतिगृहे रिकामी. मेअखेरच्या मेमोरियल डेची सुट्टी तर सापळाच आहे. इथाका या छोट्या गावात कॉर्नेल विद्यापीठाचा पदवीदान समारंभ अलीकडे त्याच सुट्टीतल्या शनिवारी येतो. पालकांनी खोल्या वर्षभर आधी धरलेल्या असतात, आणि उरलेल्या खोलीला सहसा किमान दोन-तीन रात्रींची अट असते.

सामन्याचे गणित आणखी वेगळे. अ‍ॅन आर्बरची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आत होती आणि तिथल्या मिशिगन स्टेडियमची आसनसंख्या १,०७,६०१ आहे. घरच्या मैदानावर विद्यापीठाच्या संघाचा (अमेरिकन) फुटबॉल सामना असेल त्या शनिवारी अख्खे गाव दुप्पट होते असे समजा. ज्याला सामना बघायचा आहे त्याने एक लक्षात ठेवावे: सुरू होण्याची वेळ टीव्ही वाहिन्यांच्या सोयीने ठरते आणि ती पुष्कळदा बारा, कधी कधी तर सहाच दिवस आधी कळते. दुपारी बाराचा सामना धरून संध्याकाळचे परतीचे विमान पकडायचे ठरवले आणि सामना साडेसातला लागला, की तिकीट नाही तर विमान, दोनातले एक गेले. परतीचा प्रवास रविवारीच ठेवावा. नेहमीच्या बॅगा अशा स्टेडियममध्ये आत नेऊ देत नाहीत. नियम त्या संघाच्या संकेतस्थळावर वाचून जावे. ज्याला सामन्यात रस नाही त्याच्यासाठी सर्वात चांगला शनिवार म्हणजे ऑक्टोबरमधला, संघ बाहेरगावी खेळायला गेला असेल तो. विद्यार्थी गावात, खानावळी भरलेल्या, तरी खोली मिळते.

युरोपात गुरुवार का, याचे उत्तर नेदरलँड्समध्ये सर्वात स्वच्छ दिसते. तिथल्या विद्यार्थ्यांना सरकारी प्रवासकार्ड मिळते आणि ते आठवड्याचे किंवा शनिवार-रविवारचे, यांपैकी एक निवडावे लागते. आठवड्याच्या कार्डावरचा मोफत प्रवास सोमवारी पहाटे ४ ते शनिवारी पहाटे ४. साहजिकच शुक्रवारी दुपारी लायडनच्या स्थानकावर पिशव्या घेतलेल्या मुलांची रीघ लागते, सगळी घराकडे. रंगलेली संध्याकाळ असते ती गुरुवारची. जर्मनीतल्या बऱ्याच गावांतही शुक्रवारी दुपारनंतर असेच होते. हायडेलबर्गला (विद्यापीठ १३८६चे, आजच्या जर्मनीतले सर्वात जुने) गुरुवारी पोहोचून शुक्रवारी मध्यान्हापर्यंत विद्यापीठाचा भाग, जुने विद्यार्थी-कारागृह वगैरे उरकावे. किल्ला आणि नेकार नदीपलीकडचा तत्त्वज्ञांचा रस्ता शनिवारी केला तरी चालतो. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा लागणाऱ्या वस्तू शनिवारीच घ्याव्यात.

याला अपवाद आहेतच. स्वीडनमधल्या उप्सालात ३० एप्रिलला विद्यार्थी गाव सोडत नाहीत, उलट बाहेरचे येतात: सकाळी फ्यूरिस नदीतली तराफ्यांची शर्यत, दुपारी ३ वाजता कारोलिना रेदिविवा या ग्रंथालयासमोर पांढऱ्या टोप्या उंचावण्याचा सोहळा. कोइंब्रात मे महिन्यातला ‘केइमा दास फितास’ हा विद्यार्थ्यांचा उत्सवही तसाच, आणि ऑक्सफर्डला १ मेला सकाळी ६ वाजता मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून होणारे समूहगायनही. हे बघायचेच असेल तर खोली कित्येक महिने आधी धरा आणि त्या दिवशी संग्रहालये-ग्रंथालये बघण्याचा हट्ट सोडा. दोन्ही एका फेरीत साधत नाही.

खोलीबद्दल थोडेसे. चालत वीस मिनिटांच्या आत असावी, पण विद्यार्थ्यांच्या मुख्य रस्त्यावर नको. रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही. रस्त्यावरच राहायचे झाले तर मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची मागून घ्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये सत्र नसताना बरीच कॉलेजे विद्यार्थ्यांच्या खोल्या पाहुण्यांना देतात. स्नानगृह सामायिक असू शकते, लिफ्ट बहुधा नसते. सगळे भरले असेल तर मोफत रद्द करण्याची मुदत संपायच्या दिवशी पुन्हा बघावे, खोल्या सुटतात त्या तेव्हाच.

स्वतःची गाडी घेऊन अशा गावात शिरू नये. परवानाधारकांची जागा, ठरावीक तासांची जागा, संध्याकाळनंतरची जागा अशा पाट्यांचे जंगल असते आणि दंड लगेच होतो. ऑक्सफर्डभोवती गाडी लावून बसने आत जाण्याची पाच ठिकाणे त्यासाठीच केलेली आहेत.

आता दिवस कसा लावायचा. शुक्रवार सकाळ सर्वात मोलाची, कारण विभागांची छोटी संग्रहालये आणि ग्रंथालयांतली प्रदर्शने पुष्कळदा शनिवार-रविवारी बंद असतात. ठरावीक वेळेचे तिकीट असलेली जागा आधी पक्की करा, बाकीचे तिच्याभोवती बसवा. कोइंब्राचे जोआनिना ग्रंथालय याचा नमुना. तिकिटावर छापलेल्या वेळी गटाने आत सोडतात, तेही खालच्या जुन्या कारागृहातून, आणि वर थांबायला मिळतात मोजकी मिनिटे. गाव चढावर आहे. नदीकाठी बसून ‘आता निघू’ म्हणणाऱ्याची वेळ पायऱ्यांवरच संपते. अर्धा तास हाताशी ठेवावा. (तिथली वटवाघळे पुस्तकांना लागणारे किडे खातात, म्हणून रात्री मेजांवर चामडे पसरतात. दिवसा ती दिसत नाहीत. शोधण्यात मिनिटे घालवू नका.)

ऑक्सफर्डला प्रत्येक कॉलेजच्या वेळा वेगळ्या. काही दुपारनंतरच उघडतात आणि दारातला फळा त्या दिवशीही बदलू शकतो. पोर्टरला, म्हणजे फाटकावरच्या कर्मचाऱ्याला, विचारायला संकोच करू नये, त्याच्याइतकी ताजी माहिती कुठल्याच संकेतस्थळावर नसते. दार बंद मिळाले तरी सत्र चालू असताना संध्याकाळची गायन-प्रार्थना बहुतेक मोठ्या चॅपलमध्ये सर्वांना खुली आणि विनामूल्य असते. वीस मिनिटे आधी जाऊन शांत बसावे, फोटो काढू नयेत.

व्याख्यानांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संगीत मैफलींच्या यादीत ‘सर्वांसाठी खुले’ एवढेच गाळून बघा. चांगल्या गोष्टी फुकट मिळतात. जर्मनीत वेळेपुढे ‘सी. टी.’ लिहिले असेल तर व्याख्यान पंधरा मिनिटे उशिरा सुरू होते, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला. तास सुटण्याच्या आगेमागे सायकलींच्या मार्गावर उभे राहून नकाशा बघू नये. जेवायला गर्दीच्या आधी सव्वाअकराला जावे, नाही तर दीडनंतर. रात्रीच्या विद्यार्थी क्लबांत, विशेषतः उप्सालाच्या ‘नेशन’ मंडळांत, विद्यार्थ्याचे ओळखपत्र मागतात. नसेल तर दारातूनच परत. अमेरिकेत वयाचा पुरावा म्हणून मोबाइलमधला फोटो बहुधा चालत नाही, मूळ पासपोर्ट लागतो.

केंब्रिज-ऑक्सफर्डला जाऊन सपाट तळाची पंट नाव स्वतः चालवायची हौस अनेकांना असते, आणि तिथे होणारी फजिती जवळजवळ ठरलेली असते. काठी साधारण पाच मीटरची. ती नावेच्या कडेला लागून सरळ उभी सोडायची, हातातून घसरू द्यायची, तळ लागला की हातावर हात घेत मागे रेटायचे. नवखा माणूस काठी पुढे तिरकी टाकतो. मग नाव पुढे जाण्याऐवजी थबकते किंवा गोल फिरते. रेटून झाल्यावर काठी लगेच वर न काढता मागे पाण्यात लांब सोडावी, तीच सुकाणू होते. चिखलात रुतली तर आधी पिळावी, मग ओढावी. तरीही सुटली नाही तर काठी सोडून द्या. ती धरून राहणारा काठीला लटकतो आणि नाव पुढे जाते. नावेत एक छोटे वल्हे असते, त्याने मागे येऊन काठी घेता येते. ऊन असलेल्या दुपारी नदीत नावांची कोंडी होते. सकाळी दहाला जावे.

परतताना रविवारची संध्याकाळ टाळावी, कारण घरी गेलेले सगळे सामानासह तेव्हाच परततात. दुपारी बाराच्या आतली गाडी बरी.

संपादक महोदय, विनंती एवढीच की असा लेख छापताना कडेला एक चौकट द्यावी: सत्र कधी सुरू, कधी संपते, परीक्षा कधी, पदवीदान कधी, आणि अमेरिकेतले गाव असेल तर घरच्या सामन्यांचे शनिवार कोणते. सत्रांच्या तारखा विद्यापीठे बऱ्याच आधी जाहीर करतात, ऑक्सफर्ड तर काही वर्षांच्या एकदम. जागा कमी पडत असेल तर दहा ठिकाणांतली दोन गाळली तरी चालतील.

आपले,
विद्यापीठांच्या गावांच्या सहली आखणारे काही वाचक