दहाव्या माणसाआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दातांचं दुसरं क्लिनिक घेतेयस आणि आठाची बारा माणसं होणार, हे ऐकून फार आनंद झाला. जागेचं, खुर्च्यांचं, एक्स-रे मशीनचं तू नीट पाहिलं आहेस. एडिसनमध्ये छोट्या धंद्यांचं पेरोल सांभाळण्यात माझी इतकी वर्षं गेली, म्हणून मी माणसांबद्दल लिहिते.

आधी आपल्या न्यू जर्सीच्या राजधानीकडे, ट्रेंटनकडे बघ, मग देशाच्या राजधानीकडे, वॉशिंग्टनकडे. बातम्या वॉशिंग्टनच्या गाजतात आणि त्यावरून मालकांचा समज होतो की कायदा सैल झाला. मालकाला ओव्हरटाइम न देण्याची सूट मिळायला कर्मचाऱ्याचा पगार वर्षाला निदान ५८,६५६ डॉलर हवा, असा फेडरल, म्हणजे देशभराचा, नियम येणार होता. १५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्सासच्या कोर्टाने तो रद्द केला आणि मर्यादा परत ३५,५६८ वर आली. पण म्हणून तुझ्या फ्रंट डेस्कच्या मुलीला ‘मॅनेजर’ म्हणून पगारावर टाकलं की काम झालं, असं नाही. ती खरोखर माणसं आणि कारभार सांभाळते का, हेही बघितलं जातं. दिवसभर फोन आणि अपॉइंटमेंटच घेत असेल, तर आठवड्याच्या ४० तासांपुढे दीडपट द्यावीच लागेल. ‘ओव्हरटाइमवर आता टॅक्स नाही ना?’ असं ती विचारेल. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी फेडरल इन्कम टॅक्समध्ये वजावट दिली आहे, तीही फक्त दीडपटीतल्या वरच्या अर्ध्या भागावर. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनचे आणि आरोग्यविम्याचे पैसे, कापले जाणारच. हे तिला आधीच सांग, नाहीतर पे-स्टब बघून बिचारी हिरमुसेल.

किमान वेतनाचंही तेच. फेडरल दर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकला आहे, आपल्याकडे १ जानेवारी २०२६ पासून तो १५.९२ आहे. गरोदर कर्मचाऱ्याला सोयी देण्याचा, २०२३ मध्ये लागू झालेला फेडरल कायदा १५ माणसांपासून लागतो. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा मात्र पहिल्या माणसापासून लागू आहे, त्यामुळे ‘आपण तर बाराच’ हे मनातसुद्धा आणू नकोस. सिक लीव्ह पार्ट-टाइमवाल्यांनाही आहे: दर ३० तासांमागे एक तास, वर्षाला ४० तासांपर्यंत.

दहाव्या माणसाचं मात्र तुला नवीन आहे. १ जून २०२५ पासून न्यू जर्सीत, वर्षातले २० आठवडे ज्यांच्याकडे दहा किंवा जास्त माणसं असतात, त्यांना नोकरीच्या जाहिरातीत पगार किंवा पगाराची रेंज लिहावी लागते आणि फायदे थोडक्यात सांगावे लागतात. बढतीची जागा निघाली तर त्या विभागातल्या सगळ्यांना आधी कळवायचं. चुकलं तर पहिल्यांदा ३०० डॉलरपर्यंत दंड, पुढे दर वेळी ६००. दंड लहान आहे, पण मला हा कायदा मनापासून आवडतो. माणूस समोर यायच्या आधी त्या कामाची किंमत ठरवून लिहावी लागते. समोरची किती गरजू आहे, हे बघून आकडा खाली ओढता येत नाही. मागचा पगार विचारायला तर २०२० पासूनच बंदी आहे.

हे मी एवढं का लिहिते, तुला कळलं असेल. पुण्याहून, नाशिकहून बीडीएस होऊन आलेल्या मुली तुझ्याकडे येतील. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, इथल्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या. ‘ताई, पैसे नकोत, अनुभव द्या,’ म्हणतील. तू हो म्हणू नकोस. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात फुकट राबणारा स्वयंसेवक कायद्याला मान्य नाही. वर्क परमिट असेल तर आय-९, म्हणजे काम करायची परवानगी तपासल्याचा फॉर्म, भरून पूर्ण पगारावर घे. नसेल तर चहाला बोलाव, पुस्तकं दे, ओळखी करून दे, पण हातात सक्शन देऊ नकोस. ‘घरचीच आहे’ म्हणत कमी पगारात वर्षानुवर्षं वापरून घेतलेल्या मुली मी पाहिल्यात आणि तो राग अजून गेलेला नाही.

दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टला १०९९ वर, म्हणजे कर्मचारी न धरता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, ठेवायचा विचारही सोड. न्यू जर्सीत तीन अटी मालकाला सिद्ध कराव्या लागतात: तिच्या कामावर तुझं नियंत्रण नाही, काम तुझ्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं किंवा तुझ्या जागेबाहेरचं आहे, आणि तिचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय आहे. ती तुझ्या खुर्चीवर, तुझ्या पेशंटचे दात साफ करते. दुसरी अट तिथेच पडते. २०१९ च्या कायद्यानंतर मागची सहा वर्षं उकरता येतात आणि बुडवलेल्या पगारावर वर दुपटीपर्यंत भरपाई लागू शकते.

असोसिएट, म्हणजे तुझ्या हाताखाली काम करणाऱ्या, डेंटिस्टच्या कॉन्ट्रॅक्टमधलं ‘सोडून गेल्यावर जवळपास प्रॅक्टिस करायची नाही’ हे कलम वकिलाला दाखव. देशभर अशी कलमं मोडीत काढायचा फेडरल नियम कोर्टात अडकला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनेच अपील सोडलं. म्हणजे आपल्याकडे अजून कोर्टच बघतं की मैल आणि महिने वाजवी आहेत का. तूही कधीकाळी असोसिएट होतीस, तेव्हा तुला जेवढं झेपलं असतं तेवढंच लिही.

जाहिरातीचा मसुदा टाकण्याआधी मला पाठव. आकड्यांसकट.

तुझी,
आई