पुस्तकाचं नाव सांगता, पत्ताही सांगा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला मान्यवरांनी दिलेली उत्तरं चार आठवडे छापून आली. चारही वाचली. आमच्या गावात पेपर सकाळच्या पहिल्या एस.टी.ने येतो आणि आधी माझ्या चक्कीवर उतरतो. त्यामुळे वाचली म्हणजे मी मोठ्यानं वाचली आणि दळण घेऊन आलेल्यांनी ऐकली. एका मान्यवरांनी तर तेरा पुस्तकांची नावं दिली होती. तेरावं नाव झालं तसे एक काकाजी म्हणाले, “हा माणूस हे सारं एकाच टायमाले वाचते का? मंग जेवते कवा?”

चेष्टा सोडा. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या चार आठवड्यांत जेवढी पुस्तकं आली, त्यातल्या एकाचाही प्रकाशक दिलेला नव्हता, किंमत नव्हती, पानं किती तेही नव्हतं. नाव आणि ‘जरूर वाचा’. पुण्या-मुंबईच्या माणसाला तेवढं पुरत असेल, तो दुकानात जाऊन विचारतो. आमच्या तालुक्याला पुस्तकांचं दुकान आहे, पण त्यात मिळतात गाईडं, पोलीस भरतीचे संच आणि डिसेंबर आला की कॅलेंडरं. मी तिथे एकदा कादंबरी मागितली तर मालकानं विचारलं, “कोणत्या वर्गाची?”

मी बारावी नापास आहे आणि २७ वर्षं पिठाची चक्की चालवतो. चक्कीच्या आत, जिथं पट्ट्याचा वारा लागत नाही अशा भिंतीला, एक फळी ठोकलेली आहे. तिच्यावर आजच्या घडीला ६४ पुस्तकं आहेत. कोण कोणतं घेऊन गेलं ते दळणाच्या वहीत, मागच्या बाजूनं लिहून ठेवतो. पुस्तक परत आलं की आधी चौकटीवर दोनदा आपटावं लागतं, कारण शिवणीत पीठ बसतं. ज्वारीचं पीठ निघतं, बेसन निघत नाही. ज्या पुस्तकाची शिवण पिवळी, ते जास्त वाचलेलं, असा माझा हिशेब आहे.

या हिशेबानं सगळ्यात पिवळं पुस्तक कोणतं, ते सांगायला हे पत्र लिहितो आहे.

साधारण वीस वर्षं झाली असतील. सायकलवर पोतं बांधून रद्दीवाला यायचा. त्याच्या पोत्यातून एक पुस्तक डोकावत होतं, ते मागितलं. त्यानं पैसे घेतले नाहीत, दोन किलो ज्वारी फुकट दळून घेतली. पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिली आठ पानंही नव्हती. पानाच्या डोक्यावर नाव छापलेलं असतं कधी कधी, तेही नव्हतं. नवव्या पानापासून गोष्ट सुरू होत होती आणि त्यातली माणसं आमच्यासारखं बोलत होती. मले, तुले, काऊन, कायले. छापलेल्या पुस्तकात असं लिहून येऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत असं बोललो तर छडी बसायची.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लाईन गेली. डबे रांगेत, बाया भिंतीला टेकून, कोणी घरी जायला तयार नाही, कारण गेलं की नंबर जातो. मी कंदील लावला आणि वेळ घालवायला वाचायला लागलो. दोन पानं झाली तशी एक म्हातारी म्हणाली, “थांब. तू मधातून बदलवून रायला.” खरंच बदलत होतो. पुस्तकात ‘मले’ असलं तर माझ्या तोंडून शाळेतलं ‘मला’ निघत होतं. “जसं लिवलं तसं वाच,” ती म्हणाली. मग तसं वाचलं.

गोष्ट कौतिकची. नवरा महादेव, धंदा शिंप्याचा, पण हातून धड काही होत नाही. घर चालवायचं कौतिकनं, मजुरी करायची कौतिकनं, पोरगा नामा शिकावा म्हणून जीव टाकायचा कौतिकनं. आणि पुढे महादेवला महारोग. आम्हाला ते पुस्तक संपवायला सोळा रात्री लागल्या. लाईन गेली नाही त्या दिवशी बाया मलाच म्हणत, “बटन बंद कर नं बाप्पा, काय झालं कौतिकचं ते सांग.” या काळात जे वाद झाले ते ग्रामसभेतही होत नाहीत. अशा नवऱ्याला तिनं सोडायला पाहिजे होतं का? एकीचं म्हणणं, पहिल्याच वर्षी. दुसरी म्हणे, “सोडून जाईन कुठी? माहेरी भावजय बसली हाये.” एक जण काहीच बोलत नव्हते, ते आमच्या गावचे शिंपी. पोरांनी त्यांना ‘महादेव’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली आणि ते चिडून महिनाभर दळण शेजारच्या गावी नेत होते. त्यांची माफी मी स्वतः घरी जाऊन मागितली.

पुस्तकाला आम्ही ‘कौतिकचं पुस्तक’ म्हणायचो. खरं नाव काय, कोणी लिहिलं, हे कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं मराठी साहित्य संमेलन भरलं. हरभरा काढायचा होता, तरी रविवारी चक्की बंद ठेवून चांदूरहून रेल्वेनं गेलो. मंडपात भाषणं चालू होती, मी तिकडे फिरकलोच नाही. सरळ पुस्तकांच्या गाळ्यांत. एका गाळ्यावर सहज एक पुस्तक उघडलं आणि कौतिक दिसली. कव्हर उलटून पाहिलं : ‘धग’, उद्धव शेळके. पहिल्यांदा आलं ते १९६० साली. लेखक आमच्याच अमरावती जिल्ह्याचे. गाळ्यावरच्या मुलाला वाटलं मी किमतीत घासाघीस करायला उभा आहे, पण मी ती पहिली आठ पानं तिथेच उभ्या उभ्या वाचत होतो.

घरी आणलं तेव्हा ती म्हातारी नव्हती. पण ती आठ पानं बाकीच्यांना वाचून दाखवली. जुनी प्रतही फेकली नाही, फळीवर दोन्ही शेजारी शेजारी आहेत. लोक अजून जुनीच मागतात.

आता बाकीची. सगळी सांगत नाही, तेरा तर नाहीच.

सदानंद देशमुख यांचं ‘बारोमास’ मी स्वतः दोनदा वाचलं. बुलडाण्याकडची कादंबरी, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ, शेती, आणि घरात रोजची धुसफुस. माझ्या मते शेतकऱ्याच्या घरातलं भांडण इतकं खरं दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही. तरी गावात शिफारस करताना मी अडखळतो. एका पदवीधर पोराला दिलं, त्यानं अर्ध्यातून परत आणलं. म्हणाला, “भाऊ, हे सारं तं घरीच हाये. वाचाले कायले नेऊ?” त्याला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. पुढे त्याच्या बायकोनं मात्र ते नेलं आणि पूर्ण वाचून परत केलं.

मारुती चितमपल्ली यांचं ‘रानवाटा’ गुराख्याला वाचून दाखवावं. मी दाखवलं. चितमपल्ली मूळ सोलापूरचे, पण वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध, नागझिरा असं आमच्या विदर्भाच्या जंगलात त्यांचं बरंच आयुष्य गेलं. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. बगळे-करकोचे ज्या झाडांवर मिळून घरटी करतात त्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ असा शब्द दिला, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. आमचा गुराखी ऐकत होता. म्हणाला, शब्द चांगला आहे, पण तळ्याकाठच्या चिंचेखाली उभं राहून पाहा, नाक दाबून पळाल. पुस्तक ऐकून झाल्यावर त्यानं मला आमच्या शिवारातल्या सतरा पाखरांची गावठी नावं सांगितली. ती मी ‘रानवाटा’च्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत.

मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांनी नेलं होतं, निवडणुकीच्या आधी. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं ते गोंडांचं गाव, जिथं निर्णय मतदानानं नाही, सगळ्यांच्या सहमतीनं होतात आणि आधी अभ्यासगट बसतो. ‘मावा नाटे मावा सरकार’, म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार. दोघांनीही पुस्तक चांगलं आहे असं सांगितलं. दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहिले.

तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’ची शिफारस करायची गरज नाही, असं कोणी म्हणेल. आमच्या भागात राष्ट्रसंतांचा फोटो आणि ग्रामगीता नाही असं घर शोधावं लागेल. पण ४१ अध्यायांतले किती वाचले, हे विचारलं की लोक चहा मागवतात. पोथी म्हणून कपड्यात बांधून ठेवली की असं होतं. लग्नावरचा खर्च, गावची सफाई, श्रमाची किंमत असं रोखठोक लिहिलेलं पुस्तक आहे ते. कपडा सोडून चक्कीवर ठेवा, मग बघा.

आणि सध्या मी काय वाचतो, हे विचारलंच आहे तर : ‘लीळाचरित्र’. हसू नका. नाव ऐकून मीही वीस वर्षं लांब राहिलो, ते प्राध्यापकांचं खातं वाटायचं. ते जिथं लिहिलं गेलं ते ऋद्धपूर आमच्याच जिल्ह्यात. तिथं मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पाहायला म्हणून गेलो आणि येताना टिपा दिलेली एक प्रत घेऊन आलो. त्यातली एकेक लीळा, म्हणजे आठवण, चार ओळींची, दहा ओळींची. एका डब्याचं दळण होईस्तोवर एक लीळा वाचून होते. चक्कीवाल्यासाठीच लिहिलंय जणू. भाषा जुनी, अडते, पण मोठ्यानं वाचली की निम्मी कळते. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी लोकांना विचारून विचारून गोळा केल्या. पुढे मूळ पोथी धाडीत गेली आणि ज्यांना पाठ होतं त्यांच्या आठवणीवरून परत लिहावी लागली, असं महानुभाव पंथाचे लोक सांगतात. लाईन गेल्यावर पुस्तक चालू ठेवण्याची ही रीत आमच्याकडे फार जुनी आहे म्हणायची.

पडलेली पुस्तकंही आहेत. पुरवणीतल्याच एका मान्यवरांनी सुचवलेली, फार नावाजलेली कादंबरी मी पोस्टानं मागवली. सव्वा महिन्यानं आली, एका कोपऱ्याला भिजून. चक्कीवर तिसऱ्या पानाला बाया उठल्या. मी एकट्यानं रात्री पूर्ण केली, वाईट नव्हती. पण मोठ्यानं वाचता येत नव्हती, वाक्य संपेपर्यंत माझाच श्वास संपायचा. त्यामुळे माझी विनंती आहे की पुस्तक सुचवणाऱ्यानं एवढंही सांगावं : हे चार माणसांत वाचून दाखवता येतं का? आमच्याकडे एक प्रत असते आणि ऐकणारे बारा.

तेव्हा, संपादक महोदय, नावाखाली एक ओळ वाढवा. प्रकाशक, पानं, किंमत. जागा नसेल तर मान्यवरांचा फोटो थोडा लहान करा.

शेवटी एक मागणी वाचकांकडे. माझ्या फळीवर रडवणारी पुस्तकं जास्त झाली आहेत, हे मी मान्य करतो. मागच्या आठवड्यात एका बाईनं डबा ठेवताना सरळ सांगितलं, “आता हासाचं पुस्तक आण. रडाले घर हाये.” मोठ्यानं वाचता येईल, लेकीसुनांसमोर आणि म्हाताऱ्यांसमोर वाचता येईल आणि पोट धरून हसवेल असं एखादं पुस्तक कोणाला माहीत असेल तर या सदरातून कळवावं. मृगाच्या आधी कळवलं तर बरं होईल. मृगाच्या पहिल्या वाऱ्याला आमची लाईन जाते, ती तीन दिवस येत नाही.

आपला,
एक चक्कीवाला
ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती
(नाव छापू नये. शिंपी पुन्हा दळण बंद करतील.)