गाजरगवत फुलायच्या आत उपटू या : हात हवेत, हातमोजेही हवेत

सर्व रहिवाशांना नमस्कार.

पाऊस लागला, माती भिजली आणि मोकळ्या प्लॉटवर, कुंपणाच्या कडेनं गाजरगवत उगवून आलं. आत्ता ती रोपं वीतभर आहेत, बुंध्याशी धरून ओढली की मुळासकट निघतात. पण उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्यांना बारीक पांढरी फुलं येतात आणि एकेका रोपाला १५ ते २५ हजार बिया धरतात. त्या वाऱ्यानं उडतात, पाण्याबरोबर वाहतात, चपलेच्या आणि टायरच्या चिखलातून घरोघर पोचतात. म्हणून ही मोहीम आत्ताच, फुलं दिसायच्या आधी घ्यायची आहे. येता आणि त्यापुढचे काही रविवार, सकाळी ऊन चढेपर्यंत.

१९५५ च्या सुमारास हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नजरेत आलं ते पुण्यात. आता ते देशभर आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं; परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. तेव्हा उघड्या हातांनी कुणीही उपटू नये. ज्यांना दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी या कामाला येऊच नये. त्यांच्यासाठी दुसरी कामं आहेत.

विळ्यानं वरवर कापू नका. बुडखा राहिला की पुन्हा फुटवे येतात आणि फुलं येतातच. फुलं न आलेली रोपं खतखड्ड्यात चालतील, फुललेली मात्र वेगळ्या पोत्यात भरा. साध्या खड्ड्यात त्यांचं बी मरत नाही, खताबरोबर वाफ्यात परत येतं. मिठाचं पाणी फवारायचा सल्ला बरेच जण देतात. बागेजवळ ते करू नये, माती खराब होते.

पानांवर पिवळट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला छोटा भुंगा दिसला तर त्याला मारू नका. तो मेक्सिकन भुंगा. गाजरगवत खाण्यासाठीच तो १९८० च्या दशकात भारतात आणला गेला आणि पावसाळ्यात झाडंच्या झाडं निष्पर्ण करतो. तो दिसेल तिथलं गवत राहू द्या, आम्हाला फक्त जागा कळवा.

दुसरा शत्रू आफ्रिकन गोगलगाय. ती एका वेळी दोनशेपर्यंत अंडी घालते. कुंडीखाली किंवा भुसभुशीत मातीत साबुदाण्याएवढ्या पिवळसर अंड्यांचा पुंजका दिसला तर तो तिचाच. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याशेजारी अंथरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. ते पाणी झाडांना घालू नका. तिच्या अंगावर माणसाला अपाय करणारे जंत असू शकतात, त्यामुळे मुलांना हात लावू देऊ नका. विषारी गोळ्या टाकू नका ही कळकळीची विनंती; त्यातलं मेटाल्डिहाइड कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं. नवीन रोप आणलं की आधी कुंडीचं बूड आणि माती तपासा. बहुतेक वेळा ही पाहुणी तिथूनच येते.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांसाठी पाण्याचा जोरदार फवारा आणि त्यानंतर कडुनिंबाचं तेल पुरतं. फार माखलेले शेंडे छाटून टाका.

आता मदतीबद्दल. सगळ्यात जास्त गरज माणसांची आहे. एकानं आपलं अंगण लख्ख ठेवलं आणि शेजारचा प्लॉट फुलला, तर पुढच्या पावसात दोघांच्याही दारात तेच गवत. म्हणून प्रत्येक घरातून एक जण तरी यावा. ज्यांचे प्लॉट मोकळे पडून आहेत आणि स्वतः बाहेरगावी आहेत, त्यांनी आत शिरून सफाई करण्याची लेखी परवानगी समितीला पाठवावी. गेल्या खेपेला कुलूपबंद फाटकांपाशीच काम अडलं होतं.

वस्तूंमध्ये रबरी हातमोजे, मास्क, खुरप्या, झाकणाच्या बादल्या, जुनी गोणपाटं आणि जाड पोती हवी आहेत. टाकळ्याचं बी कुणाकडे असेल तर जरूर द्या. साफ केलेल्या जागी ते टाकलं की टाकळा दाटीनं वाढतो आणि गाजरगवताला जागा देत नाही. रिकामी माती सोडली तर ते परत येणारच. वर्गणी ऐच्छिक आहे, जमेल तेवढी द्या. ती अवजारांसाठी आणि पोती वाहून नेणाऱ्या गाडीसाठीच वापरली जाईल. हिशेब सूचना फलकावर लागेल.

ज्येष्ठांनी आणि ॲलर्जी असणाऱ्यांनी कुठे काय उगवलंय याची नोंद ठेवली, आलेल्यांना पाणी दिलं, तरी मोठा हातभार लागेल. नावं या आठवड्यातच समितीकडे द्यावीत, म्हणजे गल्लीवार गट पाडता येतील.

आपली,
परिसर समिती